एक कंदील हवा आहे!

गेल्या वर्षी दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या लेकीने फर्मान काढले, "आई, ओसरीवर एक जुना कंदील हवा." भंडाऱ्याला स्वतःचे घर बांधून आम्हाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. घर लहानसेच, पण पुढे दोन खांबांची ओसरी मी हट्टाने काढून घेतली होती. त्या खांबांच्या मधोमध छताला एक रिकामा आकडा. आकाशकंदील काय, चार दिवसांचा पाहुणा. उरलेले वर्षभर त्या आकड्याला काय लावायचे, हा प्रश्न होताच. त्यातून लेकीच्या नागपूरच्या मैत्रिणीकडे म्हणे दिवाणखान्यात आगबोटीवरचा पितळी दिवा टांगला आहे. तेव्हा आमच्याकडे निदान कंदील तरी हवाच!

मराठीच्या प्राध्यापिकेला शब्द निवडता येत असतील, कंदील निवडता येत नाही, हे पुढच्या आठ दिवसांत सिद्ध झाले.

नागपूरच्या एका दुकानात मी 'अस्सल रेल्वेचा' म्हणून एक हातदिवा चार हजार दोनशे रुपयांना घेतला. काळा रंग, पुढे फुगीर भिंग, आणि डोक्यावरची टोपी फिरवली की भिंगामागे कधी लाल, कधी हिरवी काच येणार. पाठीवर पितळी पट्टी आणि तिच्यावर 'बी. एन. आर.' ही अक्षरे. ती पाहूनच मी विरघळले. बंगाल-नागपूर रेल्वे म्हणजे आमच्या जिल्ह्याची जुनी सोयरी. १८८७ साली ही कंपनी स्थापन झाली आणि १९४४ साली सरकारजमा झाली. आमची भंडारा रोड, तुमसर रोड ही स्टेशने तिच्याच वाटेवरची. म्हणजे दिवा खरा असेल तर त्याने ऐंशीहून अधिक दिवाळ्या पाहिल्या असणार, असा हिशेब करीत मी तो मांडीवर घेऊन बसने घरी आले.

आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. संध्याकाळी ते सहज डोकावले. दिवा त्यांनी हातात घेतला, टोपी फिरवली आणि हिरवी काच उजेडासमोर धरली.

"कितीले पडला जी, मॅडम?"

मी किंमत सांगितली. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही काच हिरवी हाय."

"हिरवीच असणार ना, काका?"

"नाही जी. निळी पाहिजे."

मला वाटले, काकांची दृष्टी आता अधू झाली. पण त्यांनी जे सांगितले ते ऐकून माझीच दृष्टी उघडली. रॉकेलची ज्योत पिवळी असते. तिच्यापुढे गवतासारखी हिरवी काच धरली तर उजेड पिवळट, मळकट दिसतो; लांबून तो नुसत्या ज्योतीसारखाच भासायचा. म्हणून जुन्या रेल्वेच्या दिव्यांत निळसर काच बसवीत. पिवळ्या ज्योतीला निळी काच मिळाली की बाहेर पडणारा उजेड स्वच्छ हिरवा. दिवसा जी काच निळी दिसते तीच रात्री गाडीला 'चला' म्हणते. माझ्या दिव्याची काच दिवसाढवळ्याच हिरवीगार होती. म्हणजे तिच्यामागे कधी ज्योत लागेल अशी ती बनविणाऱ्याची कल्पनाही नव्हती!

मग काकांनी दिवा उघडून दाखविला. आत काजळीचा ठिपका नाही. तेलाच्या डबीला तेलाचा वास नाही. आणि ती पितळी पट्टी ज्या स्क्रूंनी बसविली होती त्यांच्या डोक्यावर फुलीची खाच. ह्या फुलीच्या खाचेचे स्क्रू अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात निघाले. त्याआधीच्या स्क्रूला एकच आडवी चीर असते. एवढ्याशा स्क्रूने माझ्या दिव्याचे वय पन्नास-साठ वर्षांनी तरी खाली आणले. दुकानदाराने अर्थातच तो परत घेतला नाही. सध्या तो लेकीच्या खोलीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी असतो, आणि ते काम चोख करतो.

निघताना काका म्हणाले, "अन् खरा भेटला तरी कागद मागजा. रेल्वेचा शिक्का असलेली वस्तू घरात कशी आली, ते सांगता आलं पाहिजे." त्यात तथ्य आहे. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदाच आहे. लिलावात घेतलेल्या वस्तूची पावती विकणाऱ्याजवळ असली तर चिंता नाही. नसली तर तो दिवा त्याच्याच दुकानात शोभून दिसू द्यावा.

फसले खरी, पण मग हट्टाला पेटले. चार पुस्तके चाळली, दहा दुकाने पालथी घातली, आणि जे शिकले ते आमच्यासारख्या मध्यमवर्गीय खिशाच्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

'कंदील' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला. अरबीने तो ग्रीकांकडून घेतला आणि ग्रीकांनी लॅटिनमधून. इंग्रजीतली 'कँडल' ही त्याचीच बहीण. शब्द असा हजारो वर्षांचा. पण आपण ज्याला कंदील म्हणतो ती तारेच्या पिंजऱ्यातली काच आणि दोन्ही बाजूंना वाकलेल्या नळ्या, ही वस्तू दीडशे वर्षांपलीकडची नाही. कारण तिचे तेलच तेवढे जुने. खनिज तेलापासून काढलेले रॉकेल दिव्यात जळू लागले ते १८५० च्या सुमारास. १८५३ साली ल्वूव्ह शहरातील रुग्णालयात इग्नासी लुकासिएविच या औषधविक्याच्या दिव्याखाली रात्रीची शस्त्रक्रिया झाली, ती या दिव्यांच्या इतिहासातली मोठी रात्र. तेव्हा कोणी 'शिवकालीन कंदील' म्हणून असला पिंजरा पुढे केला, तर त्याला नमस्कार करून बाहेर पडावे.

त्या बाजूच्या नळ्या मला आजवर नुसत्या धरायच्या दांड्या वाटत. वास्तविक सारी करामत त्यांच्यातच आहे. जॉन आयर्विन नावाच्या अमेरिकनाची ही युक्ती. ज्योतीने तापलेली हवा वर जाते. तिचा काही भाग नळ्यांतून पुन्हा खाली ज्योतीच्या मुळाशी येतो. त्यामुळे वाऱ्यातही ज्योत विझत नाही. पुढे त्यानेच सुधारणा केली : तापलेली, वापरलेली हवा धुराड्याने बाहेर घालवायची आणि नळ्यांतून बाहेरची ताजी हवा खाली आणायची. या दुसऱ्या जातीच्या कंदिलाचा उजेड अधिक पांढरा व प्रखर. न्यूयॉर्कच्या डीट्झ कंपनीने असे कंदील जगभर पाठविले. जर्मनीचा 'फॉयरहँड'ही तसाच नावाजलेला. जुना कंदील घेताना या नळ्यांतून फुंकून पाहावे. आत गंजाने किंवा मातीच्या माशीच्या घरट्याने वाट बंद झाली असेल तर तो कंदील केवळ शोभेचा. मीही दुकानादुकानांतून फुंकत हिंडले. लोक पाहत होते, पाहू देत.

आपल्या महाराष्ट्राचा कंदील म्हणजे 'प्रभाकर'. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या पाठबळावर काचकारखाना उभारला आणि विलायती कंदिलाच्या जागी हा स्वदेशी कंदील घराघरांत नेला. प्रभाकर म्हणजे सूर्य. नाव ठेवणाऱ्याच्या हिमतीचे मला कौतुक वाटते. कारखाना बंद होऊन पुष्कळ वर्षे लोटली, तरी खेड्यापाड्यांच्या माळ्यांवर हे सूर्य अजून मावळलेले नाहीत. अशा कंदिलाला हजारो रुपये मोजणे मला पटत नाही. तो पत्र्याचाच आहे, आणि त्याची थोरवी पितळेत नव्हे, कामात आहे.

पितळेचे म्हणाल तर आमचा भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. त्यामुळे इथे पितळ ओळखणारे डोळे गल्लोगल्ली भेटतात. एका कासारबुवांनी मला दोन गोष्टी शिकविल्या. एक, खिशात लहानसे लोहचुंबक ठेवावे. ते चिकटले तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. दुसरी, जुन्या वस्तूची झीज हात लागतो तिथेच असते. कडी जिथे कानात अडकते तिथे, वात वरखाली करायच्या चावीच्या कडांना, बुडाच्या काठाला. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर तो काळाने नव्हे, रसायनाने आणलेला. मुरादाबाद आणि रुरकी इथे आगबोटींच्या दिव्यांच्या नकला सर्रास बनतात. त्या करणाऱ्यांचा हात सुबक आहे यात शंका नाही. नक्कल नकलेच्या किंमतीला घेतली तर माझी तक्रार नाही. पण त्यावर बुडालेल्या जहाजाचे नाव कोरून कोणी शंभर वर्षांचा भाव सांगू लागला, तर ते जहाज तिथेच बुडू द्यावे.

आणि देवळातले दिवे घेऊ नका. साखळीवर मोर किंवा हत्ती असलेला लामणदिवा कोणाला मोह पाडणार नाही? परंतु शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि तो कोणत्या गाभाऱ्यातून निघाला हे विकणारा सांगत नसतो. ती हौस पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन भागवावी. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून केलेला हा संग्रह. त्याला नाव दिले बालपणीच गेलेल्या मुलाचे. दिव्यांवर त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६१ साली निघाले. एक कवी समया-निरांजनांपायी एवढा वेडा व्हावा, ही गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगते. अभ्यासक्रमात नसली तरी.

आमच्या जिल्ह्यात आणखी दोन दिवे शोधण्यासारखे. एक, तुमसर तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणींकडचा कार्बाईडचा दिवा. खाली कार्बाईडचे खडे, वर पाणी. थेंब थेंब पडला की वायू निघतो आणि तो जळतो. वस्तू लहान, पण टेबलावर ठेवली तर पाहुणे विचारल्याशिवाय राहत नाहीत. दुसरा म्हणजे गॅसबत्ती. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या कारखान्याचा 'पेट्रोमॅक्स' इतका गाजला की त्याचे नावच सगळ्या जातीला पडले. आमच्याकडे दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते, आणि रात्रभर दंडार नाही तर नाटक रंगते. झाडीपट्टीच्या नाटकांचा राजा कोण, असे जुन्या लोकांना विचारले तर नटाच्या आधी ते बत्तीवाल्याची आठवण काढतील. मध्येच उठून हवा भरणारा तोच. गॅसबत्ती जुनी मिळाली तर तिच्यातले जुने जाळे मात्र चुरगाळू नये, तोंडाजवळ नेऊ नये. त्यात थोरियम असे, आणि ते किंचित किरणोत्सर्गी आहे. गंमत अशी की त्या थोरियमची वाळू एके काळी त्रावणकोरच्याच किनाऱ्यावरून परदेशी जात होती.

सासूबाई ही सारी धावपळ ओसरीवर सुपारी कातरत पाहत होत्या. एकदाच म्हणाल्या, "अंधार होता म्हनून कंदील होता वो. आता एवढा उजेड हाय, त कायले टांगता?" लेक म्हणाली, "शोभेला, आजी." "अंधाराची का शोभा असते?" म्हणून त्या पुन्हा सुपारीकडे वळल्या. मी तो विनोद समजून हसले.

त्या रात्री ह्यांना आठवण झाली. "आईच्या पेटीत एक कंदील असायला हवा."

माझे सासर पवनीकडचे, वैनगंगेच्या काठचे. म्हणजे होते. १९८८ साली गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली, आणि पुढे पाणी अडल्यावर आमचे गाव त्या पाण्यात गेले. घर, वाडी, धुरा, चिंच, सारेच. सासूबाई एक पेटी आणि एक बोचके घेऊन आमच्याकडे आल्या. पेटीच्या तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तो 'प्रभाकर' निघाला. काच शाबूत, वात करपलेली, आणि टाकीच्या एका अंगाला अंगठा मावेल एवढा पोचा.

सासूबाई दुपारच्या झोपेत होत्या. विचारण्यासारखे काही आहे असे माझ्या मनातही आले नाही. पत्र्याची कामे करणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडे मी कंदील नेला. त्याने गंज घासला, नळ्या साफ केल्या, आतून ठोकून पोचा असा काढला की जागा सापडू नये, आणि वर चांदीसारखा रंग मारला. धनत्रयोदशीला कंदील आकड्याला टांगला. विजेचा दिवा बसविण्यासाठी टाकीला भोक पाडू द्यायचे नाही, एवढे शहाणपण मला वाचनाने आले होते. वातीचा भाग काढून आत बॅटरीवरचा लहान पिवळा दिवा ठेवला. तेवढ्याने काम भागते, आणि मनात येईल तेव्हा कंदील पुन्हा कंदील होऊ शकतो. शेजारणी येऊन पाहून गेल्या. लेकीने वीस छायाचित्रे काढली.

पाडव्याच्या सकाळी सासूबाई ओसरीवर आल्या. कंदील काढून घेऊन मांडीवर ठेवला आणि टाकीवरून हात फिरवला. एकदा, दोनदा.

"याचा पोचा कोठं गेला वो?"

मी मोठ्या उत्साहाने सांगितले, काढून घेतला.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. सुपारीचा अडकित्ता बाजूला ठेवून त्यांनी जे सांगितले ते एवढेच. नणंद तेव्हा अडीच वर्षांची. मंडईचे दिवस. मामंजी शेजारच्या गावी नाटकाला गेलेले. पोरीला ताप चढला, डोळे फिरवू लागली. सासूबाईंनी तिला खांद्यावर टाकले, हातात कंदील घेतला आणि धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्याने पवनीची वाट धरली. दवाने धुरा निसरडा. पाय गेला. पोर वर राहिली, कंदील दगडावर आदळला. "मले वाटलं, इझला. इझला असता त वाट दिसली नसती. नाही इझला." पोचा पडला तो तेव्हा. घरी नवा कंदील घेण्याची ऐपत आल्यावरही तो कधी कोणी ठोकून काढला नाही.

तो धुरा आता पाण्याखाली आहे. पवनीची ती वाटही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. नणंदबाई नागपूरहून यायच्या होत्या. रात्रभर मला झोप नाही. त्यांनी तो कंदील गाव सुटल्यापासून पाहिला नव्हता. कदाचित ओळखणारही नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घालीत होते. त्या आल्या, चपला काढता काढता वर पाहिले, आणि पिशवी तशीच खाली ठेवून कंदील उतरवला. अंगठा टाकीवरून फिरू लागला. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी ओट्याशी उभी राहून पाहत होते. तिसऱ्यांदा अंगठा थांबला तो बरोबर त्याच जागी, जिथे आता काही नव्हते.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "माझं दुखणं काढून टाकलं काय तुम्ही?" आणि हसल्या. हसल्या म्हणून माझी सुटका झाली, असे मात्र नाही.

तेव्हापासून कोणी मला जुन्या कंदिलाविषयी विचारले तर चुंबक, काच, नळ्या ह्यांच्या आधी मी एक प्रश्न सांगते : हा कोणाच्या हातात होता ते विचारलेत का? दुकानातल्या कंदिलाला हे विचारता येत नाही हे खरे. पण आपल्या घराच्या माळ्यावरच्या कंदिलाला, आणि तो वापरलेल्या माणसाला, येते. पॉलिश, रंग, ठोकठाक हे त्यानंतर. गंज मऊ फडक्याने आणि थोड्या तेलाने निघाला तेवढा काढावा. काजळी काचेची काढावी, पत्र्याची राहू द्यावी. काच सोडून बाकी काहीही आरशासारखे चमकविण्याची घाई करू नये.

पेटविण्याविषयी एक-दोन गोष्टी सांगून टाकते. शिधापत्रिकेवर पूर्वीसारखे रॉकेल मिळत नाही, म्हणून काही घरांत कंदिलात गोडेतेल घालतात. ते दाट असल्याने चपट्या वातीतून वर चढत नाही. वातच जळते आणि घरभर धूर. दिव्यांसाठीचे शुद्ध पॅराफिन मिळाल्यास तेच वापरावे. पेट्रोलचे नावही काढू नये. आणि दारे-खिडक्या बंद करून कोणताही तेलाचा दिवा खोलीत रात्रभर ठेवू नये.

ओसरीवरचा आकडा यंदा रिकामाच आहे. कंदील सासूबाईंच्या खोलीत, खिडकीपाशी असतो. परवा संध्याकाळी वीज गेली. लेक मोबाईलचा उजेड घेऊन धावली, तर आजी आधीच जमिनीवर बसलेल्या; पुढ्यात काच, वाटीत चुलीची म्हणून कुठून तरी आणवलेली राख, आणि हातात माझी शिवणाची कात्री. त्या नातीला वात कापायला शिकवत होत्या.

"सरळ काप. अन् दोन्ही कोपरे जरासे उडव. नाही त ज्योतीले शिंगं फुटतात."